रेस कवा अडकते?

पांढरकवडा ते वणी या रस्त्यावर एक काळी-पिवळी चालायची. गाडी एक, चालवणारे दोन : काका आणि पुतण्या. गाडी काकाच्या नावावर आणि तिच्या कर्जाचा हप्ताही काकाच्याच डोक्यावर, त्यामुळे स्टँडवर शब्द चालायचा तो काकाचा. सकाळची फेरी काका मारायचा. त्या वेळी वणीला जाणारे म्हणजे दोन-तीन मास्तर, कोर्टकचेरीचं काम असलेला एखादा शेतकरी, लेकीकडे निघालेली एखादी म्हातारी. गाडी हलकी, रस्ता मोकळा. संध्याकाळची परतीची फेरी पुतण्याकडे. वणीहून निघतानाच गाडी भरलेली असायची, मारेगावात आणखी भरायची. टपावर बाजाराची पोती, मांडीवर पोरं, मागे लोंबकळणारे दोघं-तिघं. परवान्यावरचा माणसांचा आकडा वेगळा आणि गाडीतला वेगळा, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं.

दिवाळी झाली, वावरावावरात सीतादहीची पूजा उरकली, कापूस वेचणीला आला आणि गाडीला एक खोड लागली. एक्सिलेटरवरून पाय उचलला तरी रेस उतरायची नाही. पायदान खालीच बसून राहायचं आणि इंजन तसंच ओढत राहायचं. मग कधीतरी खाडकन रेस उतरायची. बॉनेट उघडून पाहावं तर सगळं जागच्या जागी.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या लक्षात आली होती. ही खोड दिसायची ती फक्त पुतण्याच्या हाती. काकाच्या सकाळच्या फेरीत गाडीनं कधी कुरकुर केली नाही. काकानं आपलं निदान करून टाकलं.

"मीबी तं हेच गाडी चालोतो ना? मले कावून नाई अडकत? पोट्ट्याचा पाय भारी हाये."

पुतण्या एकदा म्हणाला, "काका, ते क्लच दाबला का सुटते..."

"तू चूप राय. चुलीत गेला तुया क्लच. पाय हलका ठेव."

तरीही काका निष्काळजी नव्हता. हप्त्याची गाडी होती. त्यानं ती एकामागून एक तीन मिस्त्र्यांना दाखवली. पहिल्यानं पायाखालचं पोतं पाहिलं. वावरातून येणाऱ्या पायांचा चिखल नको म्हणून काकानं ते अंथरलं होतं. "हेच फसते पायदानाखाली," असं म्हणत मिस्त्रीनं ते बाहेर फेकलं, दहा वेळा पायदान दाबून दाखवलं आणि दहाही वेळा ते खटकन वर आलं. दुसरा म्हणाला, स्प्रिंग ढिली झाली. त्यानं डिझेल पंपाच्या लिव्हरवर जुन्या स्प्रिंगेच्या जोडीला आणखी एक कडक स्प्रिंग लावली. त्यानंतर पायदान इतकं जड झालं की वणीहून येईपर्यंत पुतण्याची पोटरी भरून यायची. तिसऱ्यानं रेसची तारच बदलली. हवी तेवढ्या लांबीची तार दुकानात नव्हती, जरा आखूड मिळाली, तीच त्यानं ताणून बसवली आणि वरून सढळ हातानं तेल सोडलं. तिघांनी पैसे वाजवीच घेतले, तिघांनी काम मनापासून केलं आणि तिघांच्याही दारात गाडी शहाण्यासारखी वागली. संध्याकाळी वणीच्या रस्त्यावर मात्र तिचं पहिले पाढे पंचावन्न.

एके दिवशी व्हायचं ते होता होता राहिलं. मारेगाव सोडून गाडी करंजीकडे येत होती. चढ होता, गाडी खच्चून भरलेली होती, पुढे कापसानं लादलेली बंडी चालली होती. पुतण्यानं पाय उचलला. गाडी हळू होईना. बंडीवरचा माणूस मागे वळून पाहू लागला. पोरानं ब्रेकवर पूर्ण भार टाकला, क्लच दाबला, गिअर काढला. ओझं सुटताच इंजन एकदा मोठ्यानं किंचाळलं आणि शांत झालं. गाडी रस्त्याच्या कडेला, बंडीच्या हातभर मागे थांबली. कोणाला खरचटलंही नाही. पण टपावरची दोन पोती खाली आली, पोरं रडायला लागली आणि पांढरकवड्याला उतरल्यावर चार जणांनी काकाला गाठून सांगितलं, "तुमचा पोट्टा शर्यत लावते बाप्पा. आमी मेलो असतो आज."

काकानं भर स्टँडवर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर पुतण्याच्या हातातून चावी काढून घेतली. "उद्यापासून मांगं लटकून पैसे गोया कर. स्टिअरिंगले हात लावशीन तं याद राख."

पुतण्या काही बोलला नाही. बोलून काय होतं ते त्यानं पाहिलं होतं.

आता चौथा मिस्त्री. नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या कडेला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. ट्रकवाल्यांच्या दोन पिढ्या त्याला उस्ताद म्हणत आल्या होत्या. काकानं गाडी लावली आणि नेहमीची कहाणी सांगायला सुरुवात केली : पोतं काढलं, स्प्रिंग लावली, तार बदलली, तरी रेस अडकते, पायदानातच अडकते, नाहीतर तारेत अडकत असेल...

उस्तादानं हात वर केला. "कुठी अडकते ते मी पाहीन, भाऊ. ते माह्यं काम हाये. तुमी मले सांगा, कवा अडकते?"

काका गोंधळला. "कवा म्हंजे?"

"थंडी असते तवा का गरम झाल्यावर? खड्ड्यात आदळल्यावर का सपाट रस्त्यावर? रिकामी असते तवा का भरून? चढतीवर का उतरतीवर? अडकली तं किती येळ? अन् सुटते कशानं?"

प्रश्नांमागे हिशेब होता. इंजन तापल्यावरच रेस अडकत असेल तर तार कुठंतरी तापलेल्या एक्झॉस्टला लागून आतलं आवरण वितळलं असणार. आदळल्यावर अडकत असेल तर सैल झालेला एखादा भाग मध्ये येतो. पावसात अडकत असेल तर गंज. सकाळच्या पहिल्या दाबालाच अडकत असेल तर बिजागरीतलं वाळलेलं वंगण. प्रत्येक 'कवा'च्या पोटात एक 'कुठी' दडलेलं असतं. ते एकदा हाती लागलं की निम्मी गाडी खोलायची वाचते.

काकाजवळ यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याच्या हाती रेस कधी अडकलीच नव्हती. तो एवढंच म्हणाला, "पोट्ट्याले माईत असन. पन त्याचा पायच..."

"पायाचं मंग पाहू. त्याले बलवा."

पुतण्या मागच्या फळीवर बसला होता. खाली उतरून तो समोर आला, पण काकाकडे पाहत उभा राहिला. उस्तादानं काकाला चहा सांगायला टपरीवर पाठवलं आणि मग पोराला विचारलं. पोरगा आधी एक-एक शब्द बोलला, मग सगळंच बोलला. रिकाम्या गाडीत कधी नाही. भरलेल्या गाडीतही सपाटीवर नाही. भरून, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय जोरात दाबलेला असताना. मग पाय उचलला तरी रेस तिथंच. चढ संपला की कधीकधी आपली आपण सुटते. "अन् क्लच दाबला का पक्की सुटते. हरदम."

उस्तादाच्या हातातला पाना तिथंच थांबला. "हे आधी कोनाले सांगतलं?"

"सांगतलं. कोनी ऐकलं नाई."

काका चहा घेऊन आला तोवर उस्तादानं बॉनेट उघडलं होतं. आधी त्यानं पंपावरून तारेचं टोक काढलं आणि लिव्हर बोटानं दाबून सोडला. तो टणकन परत आला. म्हणजे पंप आणि स्प्रिंग ठीक. मग पायदानाकडचं टोक सोडून पायदान हातानं हलवलं. बिजागरीवर काळा, चिकट थर बसला होता : तिसऱ्या मिस्त्रीनं ओतलेलं तेल, जिनिंगच्या रस्त्यावर उडणारी रुई आणि वणीच्या बाजूनं येणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची धूळ, तिन्ही मिळून एक बुरणूस तयार झाला होता. उस्तादानं तो खरवडून काढला. पण पायदान त्यानं अडकत नव्हतं. अजून महिना-दोन महिने गेले असते तर अडकलं असतं. शेवटी दोन्ही टोकं सुटलेली तार आत-बाहेर ओढून पाहिली. नवी तार, सुरळीत चालत होती. पंप, पायदान, तार, तिघंही सुटले.

"मंग?" काका म्हणाला. "राह्यला तं पायच ना?"

"पाय राह्यला," उस्ताद म्हणाला, "अन् ओझंबी राह्यलं. आतापर्यंत कोनी ओझं घालून पायलं का? आता दोनातलं एकच बदलू. गाडी तुमी चालवा. पोट्टा बाजूले बसन. ओझं तेच, चढ तोच, फक्त पाय तुमचा."

माणसं भरून हा प्रयोग करायचा नाही, हे उस्तादानं आधीच बजावलं. ओळखीच्या जिनिंगमधून सरकीची पोती मागून आणली, गाडीत आणि टपावर संध्याकाळच्या फेरीइतकं वजन होईल अशी रचली आणि दोरानं आवळली. दुपारच्या सुनसान वेळी गाडी मोकळ्या रस्त्यावर काढली. काका स्टिअरिंगवर, पुतण्या शेजारी, उस्ताद मागे. पहिला चढ आला. काकानं तिसरा गिअर टाकला, पाय दाबला, गाडी कण्हत वर निघाली. "सोडा आता," उस्ताद म्हणाला.

काकानं पाय उचलला. रेस उतरली नाही.

इतक्या वर्षांचा ड्रायव्हर, पण त्या क्षणी काकाचं सगळं शहाणपण गेलं. त्यानं ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. वाकून हातानं पायदान उचलायला गेला तेव्हा रस्त्यावरची नजर सुटली. मग त्याचा हात चावीकडे गेला.

"काका, चावी नोका काढू! क्लच! क्लच दाबा!"

काकानं क्लच दाबला. इंजन किंचाळलं आणि खाली आलं. पुतण्यानं गिअर न्यूट्रलमध्ये ओढला, काकानं ब्रेक धरून ठेवला आणि गाडी कडेला उभी राहिली. बराच वेळ कोणी बोललं नाही. काका आपल्या उजव्या पायाकडे पाहत होता. पाय तर त्याचाच होता.

गॅरेजात परतल्यावर उस्तादानं चाकांना मागून-पुढून दगड लावले, हँडब्रेक ओढला आणि सगळ्यांना गाडीच्या समोरून बाजूला केलं. बॉनेट उघडं ठेवून काकाला आत बसवलं. पहिल्या गिअरमध्ये रेस देत देत क्लच अगदी थोडा सोडायचा, म्हणजे गाडी उभी आणि इंजनावर मात्र ओझं. काकानं क्लच सोडायला घेतला तसं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत इंजन एका बाजूनं उचललं गेलं. दोन बोटं नाही, चांगलं चार बोटं. आणि त्याबरोबर ती आखूड, ताणलेली तार आवरणासकट काटकोनात वाकली. त्या वळणावर आतली तार चिमटली गेली.

"पाय उचला." काकानं उचलला. पायदान खालीच.

"क्लच दाबा." इंजन धपकन जागेवर बसलं, तार सरळ झाली, रेस उतरली.

इंजन सांगाड्यावर ज्या रबरी गोट्यांवर बसतं, त्यांना मिस्त्री लोक माउंटिंग म्हणतात. त्यातल्या एका बाजूचं माउंटिंग पार तुटलं होतं. वरच्या लोखंडाचा आणि खालच्या लोखंडाचा रबरानं धरलेला सांधा सुटला होता. गाडी उभी असली की इंजन स्वतःच्या वजनानं त्यावर चोख बसायचं, तपासणाऱ्याला तडाही दिसायचा नाही. चढावर ओझं ओढताना इंजन चाकांना जितक्या जोरानं फिरवतं, तितक्याच जोरानं ते स्वतः उलट बाजूला पिळलं जातं. तेव्हा ते उचललं जायचं आणि तार चिमटायची. रेस अडकली म्हणून इंजन वाकडं, आणि इंजन वाकडं म्हणून रेस अडकलेली, असा तो फेरा होता. क्लच दाबला की चाकांचं ओझं सुटायचं, पीळ उतरायचा आणि फेरा तुटायचा. पोरगा जे सांगू पाहत होता ते हेच होतं. त्याला कारण ठाऊक नव्हतं एवढंच.

रोज संध्याकाळी उस्तादाकडे चहाला येणारे आयटीआयचे एक निदेशक सर हा सगळा खेळ बाकावर बसून पाहत होते. ते म्हणाले, "उस्ताद, हा रोग जुना आहे. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सनं अमेरिकेत सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या, बहुतेक शेव्हरोले. नेमकं हेच कारण : माउंटिंगचं रबर सुटायचं, इंजन उचललं जायचं आणि रेसची जोडणी ओढली जायची. इंजन उचलू नये म्हणून कंपनीनं ते लोखंडी दोरानं बांधून दिलं."

"दोर बांधला? रबर नाई बदललं?"

"६७ लाख गाड्या होत्या, उस्ताद. दोर स्वस्त पडला असेल."

काकाला मात्र एक शंका सोडत नव्हती. "सर, मंग पाय भारी असन्याचा रोग नसतेच का?"

"असतो की. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर गाजलं की ऑडी ५००० ही गाडी आपोआप उधळते. सरकारी चौकशीचा अहवाल १९८९ मध्ये आला. बहुतेक ठिकाणी ब्रेक समजून ड्रायव्हरचा पाय एक्सिलेटरवर पडला होता. आणि तुमचं ते पोतं? ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सँटी गावाजवळ टोयोटाची एक लेक्सस उधळली. चालवणारा महामार्ग पोलिसांतला माणूस होता. एकाच कुटुंबातले चौघं गेले. त्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलचा जाड रबरी मॅट टाकला होता, पायदान त्यात फसलं. टोयोटानं लाखो गाड्या परत बोलावल्या. जानेवारी २०१० मध्ये पुन्हा बोलावल्या, तेव्हा मॅटचा संबंध नव्हता. पायदानाच्या आतला घर्षणाचा भाग झिजून चिकटत होता. लोक म्हणाले, कॉम्प्युटरचा घोळ असणार. नासाच्या इंजिनिअरांनी तपासलं आणि २०११ मध्ये सांगितलं, तसा पुरावा सापडत नाही. तेलवाल्या मिस्त्रीचा भाऊबंदही आहे. टेस्लानं एप्रिल २०२४ मध्ये सायबरट्रक नावाच्या ३,८७८ गाड्या परत बोलावल्या. पायदानावरची पट्टी सहज बसावी म्हणून कारखान्यात साबण वापरला गेला होता. ज्या साबणानं पट्टी सहज बसली त्यानंच ती सहज निसटायची आणि पुढे जाऊन अडकायची."

उस्ताद हसला. "म्हंजे सगळेच कारनं खरे असतेत, सर. फक्त सगळे आपल्या गाडीचे नसतेत."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती झाली. उस्तादानं दोन्ही बाजूंची माउंटिंग नवी घातली. एक नवं आणि एक जुनं ठेवलं तर भार नव्यावरच येतो. मग तो थांबला आणि त्यानं विचारलं, रबर तुटलं कशानं? वर पाहिलं तर डिझेलच्या रिटर्न पाइपाचा जोड पाझरत होता आणि थेंब बरोबर त्या रबरावर पडत होता. डिझेलनं रबर फुगतं, मऊ पडतं. पाइप बदलला. तिसऱ्या मिस्त्रीची आखूड तार काढून पुरेशा लांबीची, सैल वळणाची तार बसवली. दुसऱ्या मिस्त्रीची कडक स्प्रिंगही काढून टाकली. जादा स्प्रिंगेनं अडकणारी तार सुटत नाही, उलट रोज जास्त घासली जाते आणि पाय थकतो. तेलाचा बुरणूस धुऊन पायदान कोरडं केलं. पोतं परत अंथरू दिलं नाही.

काकानं पैसे मोजता मोजता विचारलं, "डिझेलनं तुटलं म्हना, उस्ताद. म्हंजे कोनाचीच चूक नाई."

"डिझेलनं मऊ पडलं, भाऊ. तुटलं ओझ्यानं. परवान्यावर लिवलेले मानसं बसवले असते तं हे रबर अजून साल-दोन साल खेचलं असतं. संध्याकाळची गाडी भरून आन, असं पोट्ट्याले कोन सांगत होतं?"

काका गप्प.

"ओझं तुमी ठेवलं. गाडी त्यानं सांभायली. अन् गुन्हेगारबी तोच?"

त्या संध्याकाळी स्टँडवर ड्रायव्हर जमले तेव्हा काकानं सगळ्यांदेखत चावी पुतण्याच्या हातात परत दिली. "माउंटिंग तुटलं होतं. पोट्ट्याचा पाय नाई," एवढंच तो म्हणाला. माफी मागायची त्याची जात नव्हती, पण चावी जिथं काढून घेतली होती तिथंच ती परत दिली, हे सगळ्यांनी पाहिलं. मग त्यानं पुतण्यालाच पुढे केलं : "सांग याइले, अडकली तं काय कराचं."

पोरानं सांगितलं. घाबरून ब्रेक पुन्हापुन्हा दाबायचा-सोडायचा नाही. एकदाच दाबायचा आणि धरून ठेवायचा. ब्रेकला हलका करणारा व्हॅक्यूमचा जोर दर दाबाला खर्च होतो आणि पेट्रोल गाडीत रेस पूर्ण उघडी असली की तो पुन्हा भरतही नाही. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यायचा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर दांडा सरळ न्यूट्रलवर. इंजन ओरडलं तर ओरडू द्यायचं. चालत्या गाडीत चावी काढायची नाही. स्टिअरिंगला कुलूप बसू शकतं आणि ब्रेकचा जोरही जातो. गाडी कडेला थांबली की मगच इंजन बंद. आणि चालत्या गाडीत पायदान उचलायला वाकायचं तर मुळीच नाही. हे शेवटचं सांगताना त्यानं काकाकडे पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून फेऱ्यांची वाटणी बदलली. एक दिवस संध्याकाळची फेरी पुतण्याची, एक दिवस काकाची. पहिल्याच संध्याकाळी मारेगावला मागच्या पायरीवर चढू पाहणाऱ्या दोघांना काकानं स्वतः खाली उतरवलं. ते रागावले. दुसऱ्या गाडीनं या, म्हणाला.

बोध असा : दोष शोधताना तो कुठं आहे हे विचारण्याआधी तो केव्हा दिसतो ते विचारावं, आणि ज्याच्या हाती तो दिसतो त्यालाच विचारावं. घरात, शेतात, कचेरीत, कुठंही ज्याच्यावर सगळ्यात जास्त ओझं पडतं त्याच्याच हाती बिघाड आधी दिसतो. हलक्या फेरीच्या माणसाला तो दिसत नाही, म्हणून तो नसतो असं होत नाही. ज्याच्या हाती रेस अडकते तो बहुतेक वेळा त्या बिघाडाचा पहिला साक्षीदार असतो. त्याला गुन्हेगार ठरवलं की साक्षही गेली आणि बिघाड तसाच राहिला.